चार तासं न फवारता सोडू द्या म्हण

दारव्हा तालुक्यातल्या एका कृषी पदवीधराचं पत्र आहे. पिकावर फवारायच्या टॉनिकच्या कंपनीत नोकरी मिळतेय, महिना 18 हजार अन् बाटलीमागे कमिशन. काम म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्यांना पुढे करून व्हिडिओ काढायचे: 'कपाशीची पातेगळ थांबली, उतारा दुप्पट झाला.' वडिलांवर कर्ज आहे. घेऊ का, असं तो विचारतो.

बाळा, घरची अडचण खरी आहे, म्हणून लगेच 'सोड' म्हणणार नाही. पण पातेगळीचं, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या गळण्याचं, तू शिकलायस. झड लागली, आभाळ राहिलं, वावरात पाणी साचलं की पाते गळतात. काही तर झाड आपणहून गाळतं. उघाड पडली की गळ कमी होते, अन् नेमकी तेव्हाच बाटली फवारलेली असली तर श्रेय तिला जातं. म्हणून मुलाखतीत सांग, प्रत्येक प्लॉटात चार तासं, म्हणजे कपाशीच्या चार ओळी, न फवारता सोडू द्या, वेचणीला कापूस वेगवेगळा मोजू, व्हिडिओ मग काढू. बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारी अशी टॉनिकं, 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा नोंदणीचा कागदही माग. दोन्हीला हो म्हणाले तर खुशाल रुजू हो.

टाळाटाळ केली, तर समज की त्यांना तुझी गावातली ओळख हवी आहे. 'आपल्याच गावचा पोरगा सांगते, मंग खोटं कायले सांगन?' एवढ्या भरवशावर माणूस बाटली उचलतो, तीही उधारीवर.

मी हे काम दोन हंगाम केलंय. तीन एकर कोरडवाहू एकटीनं कसणाऱ्या एका बाईनं माझ्या शब्दावर सहा बाटल्या नेल्या. दिवाळीनंतर तिच्या वावरात गेलो, तर बोंडं दरवर्षीइतकीच. तिनं जाब विचारला नाही. डोईवरचं कापसाचं गाठोडं उतरवलं अन् आधी मला पाणी दिलं. त्या हंगामानंतर मी ते काम सोडलं.

कायद्याचंही ऐकून ठेव. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची आधी शहानिशा केली असेल, तरच तो सुटतो.

ही नोकरी नाही जमली, तर शेतकरी उत्पादक कंपन्यांत विचार. तुझ्या पदवीवर पुढे स्वतःच्या कृषी केंद्राचा परवानाही निघतो. मुलाखतीला गेलास की बाटलीच्या लेबलचा फोटो काढून पाठव, दोघं मिळून वाचू.