वाचकांचे प्रश्न : ड्रेस्डेनचे नवे सिनेगॉग

प्रश्न : जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात युद्धात कोसळलेले फ्राउएनकिर्शे हे चर्च पूर्वीसारखेच उभारले गेले, मग तिथले जळालेले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, जुन्या रूपात का बांधले नाही? सिनेगॉगची बांधणी धर्माने ठरवून दिलेली नसते काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचे पवित्र कपाट जेरुसलेमच्या दिशेला असावे आणि ग्रंथवाचनासाठी चौथरा असावा, एवढे पाळले की बाह्यरूपावर फारसे बंधन उरत नाही. आपल्या पुण्याच्या लाल देवळाला, म्हणजे १८६७ साली पूर्ण झालेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला, एखाद्या इंग्रजी चर्चला शोभेल असा मनोरा आहेच.

ड्रेस्डेनचे जुने सिनेगॉग गॉटफ्रीड झेम्पर या वास्तुविशारदाने १८४० साली पूर्ण केले होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी ते जाळले, पुढे अवशेषही पाडले आणि त्याचा खर्च ज्यू समाजाच्याच माथी मारला. चर्चचा ढिगारा मात्र अनेक दशके जागेवर राहिल्याने त्यातले दगड पुनर्बांधणीत वापरता आले. सिनेगॉगच्या बाबतीत पुन्हा वापरावे असे जवळजवळ काहीच उरले नव्हते. अपवाद एका अग्निशामक जवानाने लपवून वाचवलेल्या दाविदाच्या ताऱ्याचा (ज्यूंच्या सहा टोकांच्या चिन्हाचा), जो आता नव्या वास्तूच्या प्रवेशद्वारावर आहे. अशा स्थितीत हुबेहूब प्रतिकृती उभारणे म्हणजे मधला विध्वंस झालाच नाही असे भासवणे ठरले असते, आणि म्हणून मला वास्तुविशारदांचा निर्णय योग्य वाटतो.

९ नोव्हेंबर २००१ रोजी खुल्या झालेल्या या वास्तूची खरी गंमत तिच्या पिळात आहे. एल्बे नदीकाठची जागा अरुंद असून तिचा रोख नेमका पूर्वेकडे, म्हणजे जर्मनीतून परंपरेने जेरुसलेमची मानलेल्या दिशेकडे, नाही. त्यामुळे काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ३४ थर रचताना प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळवला गेला आणि माथ्याशी पोहोचेपर्यंत इमारत पूर्वाभिमुख झाली. दिशेचा धार्मिक दंडक इथे सजावटीतून नव्हे, तर रचनेतूनच दिसतो. आत धातूच्या जाळीचा सोनेरी पडदा प्रार्थनास्थानाभोवती तंबूसारखा सोडलेला आहे. बाहेरचा दगडी भारदस्तपणा जेरुसलेमच्या मंदिराची, तर आतला तंबू ज्यूंच्या पूर्वजांनी वाळवंटातील भटकंतीत सोबत नेलेल्या फिरत्या निवासमंडपाची, म्हणजे तंबूतल्या देवस्थानाची, आठवण देतो. समोर समाजकेंद्र असून मधल्या अंगणात झेम्परच्या वास्तूची रूपरेषा आखलेली आहे, म्हणजे जुने सिनेगॉग केवढे होते ते आपल्याला पायी चालून पाहता येते.