वडिलांची इच्छा, आईचे मन आणि निरोपाची तयारी

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक असून त्यांचे वय ८१ आहे. आजार आता बरा होण्यातला नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. आपले देहदान व्हावे, दहावा-तेरावा करू नये, त्याऐवजी विद्यार्थ्यांनी जमून आपल्या आवडीचे अभंग म्हणावेत, असे त्यांनी मला स्पष्टपणे सांगितले आहे. अस्थी आणि पिंडदान यांविना निरोप ही कल्पना मात्र आईला सोसत नाही. मी एकुलती मुलगी आहे. तयारी कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वडील बोलू शकत आहेत तोवर त्यांची इच्छा आईच्या समक्ष पुन्हा एकदा ऐका. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. परंतु तो भरलेला असला, तरी मृत्यूनंतर देह सोपवण्याचा निर्णय प्रत्यक्षात कुटुंबीयांनाच घ्यावा लागतो, आणि त्या वेळी आईने नकार दिला तर वडिलांची इच्छा तिथेच अडेल.

देहदानात दहन नसल्यामुळे अस्थी सहसा हाती येत नाहीत, ही गोष्ट आईला आताच सांगा. त्या दिवशी कळली तर तिला ती फसवणूक वाटेल. माझ्या मते स्वतःच्या देहाविषयी वडिलांचा शब्द अखेरचा असावा, पण त्यानंतरचा शोक आईचा आहे. दहाव्याला तिला घरच्या चार माणसांत पिंडदान करावेसे वाटले, तर तेवढी मोकळीक वडिलांनीच स्वतःच्या तोंडून तिला द्यावी, अशी विनंती त्यांना करा. देह हाती नसताना विधी कसे करावेत, याचीही तरतूद परंपरेत आहे. आपल्या गुरुजींना विचारावे.

त्या दिवशी वेळ फार थोडा असतो. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि ते देहदानासोबतही करता येते, मात्र महाविद्यालयाला तसे आधी विचारून ठेवावे. पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा. मृत्यूचे कारण नमूद केलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. परगावच्या नातेवाइकांसाठी फार काळ थांबता येत नाही. घरी अंत्यदर्शन थोडक्यात उरकावे लागेल, हे त्यांना आधीच कळवून ठेवलेले बरे.

शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील, तर महाविद्यालय देह स्वीकारत नाही. तेव्हा विद्युतदाहिनीचा पर्याय वडिलांना मान्य आहे का, हेही विचारा. तसे झाल्यास अग्नी आपणच द्यावा. १८९० मध्ये महात्मा फुले यांच्या अंत्ययात्रेत दत्तक पुत्राच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे (अंत्ययात्रेच्या पुढे धरायचे मडके) हाती घेतले होते. एकुलत्या मुलीने मागे राहण्याचे काहीच कारण नाही.

स्मरणसभेची मात्र घाई नसते. परगावचे विद्यार्थी येऊ शकतील असा रविवार निवडा आणि सभागृह म्हणून त्यांच्या शाळेचाच विचार आधी करा. अध्यक्ष, पाहुणे आणि लांबलेली भाषणे यांत अशा सभा हरवून जातात, याचे मला फार वाईट वाटते. वक्ते चार-पाचच असावेत, त्यांत एखादा वर्गात मागे पडणारा विद्यार्थीही असावा, आणि प्रत्येकाने सरांचा एकच अनुभव सांगावा. अभंग कोणते, ते कोणी म्हणावेत आणि पेटीला कोण बसेल, हे वडिलांकडूनच लिहून घ्या; मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत करण्यास विसरू नका.