दोन सेन्सर बदलले, दोष मात्र वायरीत होता

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका वडिलांनी लिहिलं आहे: मुलगा यंदा दहावी पास झाला. वणीहून परतताना दिंडोरीजवळ आमची कार बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. मग हे वरचेवर होऊ लागलं. गॅरेजमध्ये दोनदा क्रँक सेन्सर (इंजिन कसं फिरतंय ते सांगणारा) बदलला, उपयोग झाला नाही. शेवटी मुलाने इंजिन चालू ठेवून वायरी हलवल्या, एका ठिकाणी हात लागताच इंजिन बंद! त्याने तिथे टेप गुंडाळली. महिनाभर गाडी छान चालली, पहिल्या जोरदार पावसात मुंबई नाक्यावर पुन्हा थांबली. तो आयटीआय म्हणतो, मला त्याने अकरावी सायन्स घेऊन इंजिनिअर व्हावं असं वाटतं. हात काळे करण्यात आयुष्य जाईल का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातली टेपची ओळ मी दोनदा वाचली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आधी मुलाने काय बरोबर केलं ते पाहा. गॅरेजमध्ये गाडीचा बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा पी ०३३५ हा कोड आला असेल. त्याचा अर्थ क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, वायरी आणि इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, सगळं आलं. तो कोड वाचून थेट सेन्सर बदलणं म्हणजे ताप आहे म्हणून पहिली दिसेल ती गोळी देणं. वायरीच्या आतल्या तारा तुटून दोन-चारच टेकलेल्या असतील, तर गाडी थंड असताना मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, पीप वाजवून सगळं ठीक असल्याचं सांगतो. इंजिन तापलं, थरथरलं की त्या सुटतात. म्हणून इंजिन चालू ठेवून वायर हलवून पाहावी लागते. हे त्याला कोणी न शिकवता सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता चूक. टेप हा जोड नव्हे. इंजिनच्या उष्णतेने तिचा चिकटपणा जातो, पाणी आत शिरतं, तांबं हिरवं पडतं. हिरवा भाग चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायचा, तेवढ्याच जाडीच्या वायरीचा तुकडा क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडायचा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची. शिवाय वायर जिथे ब्रॅकेटला घासत होती तिथून ती दूर बांधायची, नाहीतर तीच जागा पुन्हा झिजेल. मोजमापासाठी वायरीच्या आवरणात टाचणी खुपसायची नाही, कनेक्टरच्या मागच्या बाजूने मोजायचं. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचाच नाही. हे त्याला आजच सांगा.

म्हणजे शोधण्याची नजर त्याच्याकडे आहे, कामाची शिस्त अजून नाही. ती रोज हातून काम करवून घेणाऱ्या ठिकाणी येते. म्हणून माझा कौल आयटीआयकडे आहे. सातपूरच्या शासकीय आयटीआयचा पर्याय अर्जात भरा. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड त्याच्यासाठी योग्य आहे. तो पूर्ण करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तिथून पुढे पदवीचा रस्ताही उघडा राहतो. तुमची इंजिनिअरिंगची इच्छा यात संपत नाही.

त्याच्यासाठी एक अट मात्र घाला: गणित आणि विजेचा धडा सोडायचा नाही. ओहमचा नियम पक्का नसेल तर मल्टिमीटरवरचे आकडे मुके राहतात. गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हापासून गाड्यांतले सेन्सर आणि वायरी वाढतच आहेत. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसेल, वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, असेलच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शहरात राहून तुम्ही हे रोज पाहता.

हात काळे होतील, हो. साबणाने जातात.

येत्या रविवारी बॅटरीची निगेटिव्ह सुटी करून त्याला ती टेप काढायला सांगा, आणि टॉर्च तुम्ही धरा. कुठून कापायचं, किती कापायचं, हे त्यालाच ठरवू द्या. संध्याकाळी दोघं मिळून आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरा. मुदत संपायच्या आत.