जुन्या रहस्यपटांच्या नादी लागतोयस तर आधी हे वाच

सगळ्यात आधी, गाजलेले सिनेमे सोड, ते कुठेही मिळतात. खरी मजा 1930-40 च्या दशकातल्या बी-ग्रेड रहस्यपटांत आहे, मोनोग्राम, पीआरसी असल्या हॉलिवूडच्या छोट्या स्टुडिओंचे, तासा-सव्वातासात संपणारे, सेट तेच, धुकं तेच आणि खुनी कोण ते अर्ध्यातच कळतं बऱ्याचदा (तरी आपण बघतोच!). मग लोक याच्या मागे का लागतात? कारण शोधणं हाच खेळ आहे. आता चार्ली चॅन या पडद्यावरच्या डिटेक्टिव्हच्या सिनेमांचंच घे ना, त्याची भूमिका करणाऱ्या वॉर्नर ओलंडचे त्यातले 4 सिनेमे हरवलेत, पण ओलंडच्या 1931 च्या पहिल्याची स्पॅनिश आवृत्ती, त्याच वेळी वेगळे कलाकार घेऊन शूट केलेली, ती मात्र टिकली. असलं काही कळलं की झोप उडते राव.

प्रिंट घेताना लांबी बघ. टीव्हीसाठी खूप सिनेमे कापले गेले, काहींची नावंसुद्धा बदलली, त्यामुळे तोच सिनेमा दुसऱ्या नावाने दोनदा गळ्यात पडू शकतो, म्हणून मूळ रनिंग टाइम आणि नटांची यादी जुळवूनच पैसे काढ. 16 एमएमची रीळ असेल तर डबा उघडून आधी वास घे, व्हिनेगरसारखा आंबट वास आला की फिल्म सडायला लागलीय, ती बाकीच्या रिळांपासून लांब ठेव, नाहीतर त्यांनाही लागतं. 35 एमएमची नायट्रेट (जुन्या काळची पटकन पेटणारी फिल्म) तर घरात आणूच नकोस, भडका उडतो तिचा, पाण्यानेही विझत नाही.

डीव्हीडीपासून सुरुवात कर, प्रोजेक्टर नंतर बघू.