‘संवाद खिडकीची स्थिती’ : स्थान, वर आणि नांगर

रत्नागिरीहून एका वाचकाने विचारले आहे : “आंबा बागायतदारांसाठी हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदवण्याचे वेब ॲप्लिकेशन आम्ही तयार करत आहोत. त्याच्या मराठी माहितीपुस्तिकेत मी ‘संवाद खिडकीची स्थिती पानाच्या वर केंद्रस्थानी आहे’ असे वाक्य लिहिले. सहकाऱ्यांना ते उमगत नाही. पॉपअप डायलॉगच्या, म्हणजे पानावर मध्येच उघडणाऱ्या छोट्या खिडकीच्या, पोझिशनला मराठीत काय म्हणावे? आणि अशी खिडकी ज्याला धरून उघडते त्या अँकर या संज्ञेसाठी ‘नांगर’ चालेल का?”

आपले वाक्य व्याकरणाने चुकलेले नाही. तरीही ते कळत नाही, कारण त्यातले तीन शब्द मराठीत दुसऱ्याच कामाला लागलेले आहेत. पहिला ‘स्थिती’. मराठी वाचकाला ‘मागणीची स्थिती’ म्हटले की पेटी रवाना झाली की नाही, पैसे जमा झाले की नाही, हे अपेक्षित असते, आणि आपल्या ॲप्लिकेशनमध्ये त्या अर्थाने हा शब्द येणारच. मग ‘खिडकीची स्थिती’ वाचून ती उघडी आहे की मिटलेली, असाच अर्थ मनात येतो. जागा सांगायची असेल तेथे ‘स्थान’ लिहावे. क्रियेसाठी ‘स्थाननिश्चिती’ हा शब्द तांत्रिक लेखनात चालेल, मात्र पुस्तिकेत ‘चौकट कोठे उघडते’ एवढे पुरते.

‘केंद्रस्थानी’ हा शब्द आज मुख्यतः लाक्षणिक अर्थाने वापरला जातो. शेतकरी चर्चेच्या केंद्रस्थानी असतो, टेबल मात्र खोलीच्या मध्यभागी असते. येथे ‘मध्यभागी’ हाच शब्द हवा.

खरी अडचण ‘वर’ या शब्दाची आहे. ‘होडीवर बगळा बसला आहे’ आणि ‘होडीच्या वर घारी घिरट्या घालत आहेत’ या दोन वाक्यांत वर हा शब्द जोडून येतो की सुटा, यावर अर्थ बदलतो : जोडून आला तर स्पर्श किंवा आच्छादन, सुटा आला तर उंची. ‘होडीच्या वरच्या बाजूला’ म्हटले की होडीचाच एक भाग समजतो. ‘पानावर’, ‘पानाच्या वर’ आणि ‘पानाच्या वरच्या बाजूला’ ही अशीच तीन वेगळी स्थाने आहेत, आणि पडद्यावर ती तिन्ही संभवतात. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून लांबलचक अर्ज भरताना मला याचा प्रत्यय आला. शेवटी ‘सादर करा’ दाबले, सारे पान करडे झाले आणि पुढे काहीच घडेना. मदतीच्या मजकुरात ‘पानाच्या वर येणाऱ्या खिडकीत होय निवडा’ असे होते. मी ते ‘पानावर’ असे समजून समोरच शोधत राहिलो. बऱ्याच वेळाने पान थेट आरंभापर्यंत सरकवले, तेव्हा ती खिडकी तेथे वाट पाहत असलेली दिसली.

अशा चुकीचे एक नेहमीचे तांत्रिक कारण ठरलेले आहे. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, ‘पोझिशन’ला ‘ॲब्सोल्यूट’ हे मूल्य दिले की अंतर जवळच्या स्थाननिश्चित पूर्वज घटकापासून (ज्याच्या आत ही वस्तू आहे आणि ज्याला स्वतःची ‘पोझिशन’ दिलेली आहे अशा घटकापासून), आणि तसा पूर्वज नसेल तर पानाच्या आरंभापासून मोजले जाते. ‘फिक्स्ड’ दिले की ते ब्राउझरमध्ये त्या क्षणी दिसणाऱ्या भागापासून मोजले जाते, मात्र एखाद्या पूर्वज घटकावर ‘ट्रान्सफॉर्म’ (घटक सरकवण्याची, फिरवण्याची किंवा लहान-मोठा करण्याची सूचना) लावलेला असेल तर तेही त्या घटकापासून मोजले जाऊ लागते. म्हणून ‘मध्यभागी’ लिहिताना कशाच्या मध्यभागी हे सांगितलेच पाहिजे. लांब पानाचा मध्यभाग वाचकापासून कित्येक पडदे दूर असू शकतो. त्या क्षणी दिसणाऱ्या भागाला मी ‘दृश्यभाग’ म्हणतो. ‘पडदा’ म्हणत नाही, कारण पडद्यावर ब्राउझरची पट्टी आणि मोबाइलचा कळफलकही असतो.

सुदैवाने आता हे हाताने मोजण्याची गरज बरीच कमी झाली आहे. ‘डायलॉग’ हा एचटीएमएलमधला, म्हणजे पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतला, घटक मार्च २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत चालतो. तो ‘शोमोडल’ या आज्ञेने उघडला की पानातल्या इतर सर्व घटकांच्या पुढे, सर्वांत वरच्या थरात जातो आणि मूळ शैलीनुसार दृश्यभागाच्या मध्यभागी बसतो. अशा वेळी मागचे पान वापरता येत नाही. या ‘मोडल’ प्रकाराला ‘अडवणारी चौकट’ म्हणावे, असे माझे मत आहे. चौकट मी मुद्दाम म्हणतो. ‘खिडकी’ हा शब्द ब्राउझरच्या खिडकीसाठी रुळलेला आहे, आणि पानाच्या आत उघडणाऱ्या वस्तूलाही तोच दिला तर ‘खिडकी बंद करा’ या सूचनेवर कोणी सबंध ब्राउझरच बंद करील. वृत्तपत्रातला रेघांनी बांधलेला मजकूर आपण ‘चौकट’ म्हणूनच ओळखतो. ‘पॉपअप’ तसाच राहू द्यावा. तो सर्वांना कळतो.

आता नांगर. मराठीत शेत नांगरतात आणि होडीही नांगरतात. क्रियापदाच्या कर्मावरून अर्थ उघड होतो, म्हणून शेत आठवण्याची भीती बाळगू नये. शेताचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, आणि आरंभीच्या ल चा न होणे मराठीला नवे नाही, ‘ललाट’चे ‘निढळ’ झाले तेही असेच. माझा आक्षेप वेगळा आहे. हर्णैच्या समुद्रात किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या होड्या पाहाव्यात : नांगर होडीचा स्वतःचा असतो, ती तो बरोबर नेते आणि हवा तेथे टाकते. सीएसएसमधला अँकर मात्र चौकटीच्या बाहेरचा, आधीच पानात असलेला घटक असतो, बहुधा एखादे बटण. ही उपमा धक्क्यावरच्या खुंटाची आहे. खुंटाला बांधलेली होडी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होते, पण खुंट सोडत नाही. बटणाला बांधलेली चौकटही बटणाबरोबर सरकते, आणि तशी सोय लिहिलेली असेल तर खाली जागा न उरल्यावर बटणाच्या वरच्या अंगाला उघडते. क्रोममध्ये चौकट अशी बांधण्याची सोय २०२४ मध्ये १२५व्या आवृत्तीपासून आली. शिवाय दुवा देणाऱ्या ‘ए’ या टॅगचे पूर्ण नावही अँकरच आहे. दोन्हींना नांगर म्हटले तर घोटाळा वाढेल. म्हणून संज्ञा ‘आधारघटक’ आणि क्रियापद ‘बांधणे’, असे मी सुचवतो.

आपली चौकट अडवणारी असेल, तर पुस्तिकेत असे लिहावे : “‘मागणी नोंदवा’ हे बटण दाबल्यावर खात्रीची चौकट दृश्यभागाच्या मध्यभागी उघडते, ती बंद केल्याशिवाय मागच्या अर्जात काही भरता येत नाही.” आणि पेटीच्या आकाराची माहिती देणारी छोटी चौकट त्या त्या बटणाला बांधलेली असेल, तर “माहितीची चौकट बटणाच्या लगेच खाली उघडते आणि पान सरकवले तरी बटणाजवळच राहते.”