वाचक विचारतात: नवंकोरं इंजिन राबलेलं कसं दिसेल?

प्रश्न: माझ्याकडे ओओ स्केलचं (खऱ्याच्या १:७६ आकाराचं) रेल्वे इंजिनाचं मॉडेल आहे, पेकेट कंपनीचं डब्ल्यू४ सॅडल टँक (बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेलं वाफेचं इंजिन), एकदम चकचकीत. कोळशाच्या खाणीत राबणारं वाटायला हवंय, सगळीकडे काळा रंग मारू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: अहो, नुसता काळा अजिबात नको, सगळे बारकावे त्यात बुडून जातात. गडद करड्यात थोडा तपकिरी मिसळा, भरपूर पातळ करा, लावा आणि लगेच कापसाच्या काडीने वरून खाली पुसा म्हणजे रंग फक्त रिव्हेटच्या कडेला उरतो. खरी मजा पाण्याच्या डागांत आहे, टाकी भरताना झाकणापाशी पाणी सांडतं, त्यातला क्षार वाळून टाकीवर पांढरट ओघळ उठतात, तेवढे दोन-तीन बारीक ब्रशने काढलेत तरी इंजिन जिवंत वाटतं. धुराड्यापाशी काजळी. कनेक्टिंग रॉड (चाकं फिरवणारे दांडे) मात्र तेलकट, थोडे चमकतेच ठेवा. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या भागाला रंग लागू देऊ नका, मॉडेलच्या मोटरला करंट तिथूनच येतो. आणि मॅट (चमक नसलेलं) वार्निश पुण्याच्या पावसाळ्यात नकोच, दमट हवेत पांढरट पडतं, कोरडा दिवस बघून मारा.