अंगाला लागेल तेवढीच गोळी

प्रश्न : वय ५४. उदगीरला आडत दुकानावर बसतो. थायरॉईड कमी असल्यानं ७५ ची गोळी चालू आहे. थकवा जाईना, म्हणून यंदा मनानंच दीड गोळी घ्यायला लागलो. आता टीएसएच ०.०६ आलाय आणि कंबरही धरते. मेहुणे म्हणतात, थायरॉईडनं हाडं ठिसूळ होतात. पुरुषांनाही होतं का हे?

उत्तर : होतं, दादा. पण मला तुमच्या थायरॉईडपेक्षा त्या वाढीव अर्ध्या गोळीची काळजी वाटते.

हाड आयुष्यभर जुनं मोडतं आणि नवं भरतं. एका जागेची ही डागडुजी एरवी साधारण २०० दिवसांत होते. थायरॉईडचं हार्मोन फारच कमी पडलं की ती ७०० दिवसांपर्यंत रेंगाळते. हाड झपाट्यानं झिजत नाही, पण जुनं होत राहतं. हार्मोन जास्त झालं की मोडणं भराभर होतं, भरणं मागं पडतं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन; अंगात थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की टीएसएच उतरतो. तो साधारण ०.४ ते ४ असावा. तुमचा ०.०६ म्हणजे गोळी जास्त होतेय. असंच चालू राहिलं तर हाडं विरळ होतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

या आठवड्यातच डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. गोळी मनानं बंदही करू नका. मात्रा बदलली की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर ४ तासांनी. हे अंतर कितीतरी जण पाळत नाहीत. मग गोळी अंगी लागत नाही आणि मात्रा विनाकारण वाढत जाते.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, साखर आणि ड जीवनसत्त्व तपासा. आपल्याकडं उन्हाला तोटा नाही, पण दिवसभर गादीवर बसणाऱ्याच्या अंगाला ते लागतं कुठं?

हाडांची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते एक्स-रेनं मोजणं, करायची का, हेही विचारा. ठिसूळ हाडं म्हणजे बायकांचा आजार, असं समजून पुरुष ती टाळतात, आणि खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांतच जास्त आहे. तंबाखू-बिडी असेल तर सोडाच. कंबर रात्री झोपेतून उठवत असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मणक्याचा एक्स-रे लांबवू नका.